अलास्काची कॅसेट

१

दुबईतल्या मनखूल भागातल्या मराठी घरांत त्या काळी एक रीत होती. सुट्टीत कुठेही जाऊन आलं की पुढच्या एखाद्या शुक्रवारी मंडळींना जेवायला बोलवायचं. मग पोट भरल्यामुळे पळून जाण्याचं त्राण न उरलेल्या त्या पाहुण्यांना प्रवासाची व्हिडिओ कॅसेट दाखवायची. सिंगापूर, स्वित्झर्लंड, कोणाच्या मेव्हण्याचं न्यू जर्सीतलं घर, असं काय काय मी जांभया गिळत पाहिलं होतं. १९९९च्या जुलैत आम्ही अलास्काची क्रूझ करून आलो, तेव्हा उट्टं काढायची पाळी माझी होती.

पहिला मान शेजारच्या प्रकाश आणि अस्मितावहिनींना. आमच्या घराची जास्तीची चावी त्यांच्याकडे असे आणि आम्ही नसताना वहिनी तुळशीला पाणी घालत, म्हणून श्रीखंडाची पहिली वाटीही त्यांचीच.

"माणशी आठ हजार दिऱ्हाम?" प्रकाशने मान हलवत विचारलं. "म्हणजे चौऱ्याण्णव हजार रुपये. बर्फ बघायला. धनंजय, बर्फ तर तुझ्या फ्रीजरमध्येही साठलाय, तो फुकट दाखवलास तरी आम्ही आलो असतो."

मी टीव्हीशेजारी छडी घेतलेल्या मास्तरासारखा उभा होतो. हा बघा हिमनदीचा कडा, आता कोसळणार. हे बघा लांबवर फवारा, तो देवमासा. माझ्या मुलीला, समिधाला, तेव्हा नववं लागलं होतं. ती माझ्या एक वाक्य आधीच सगळं इंग्रजीत सांगून टाकत होती.

मग ते दृश्य आलं. जहाजाच्या कठड्याशी आम्ही तिघं उभे. विभावरी लाल कोटात, मध्ये समिधा, आणि मी, डोक्यात राखाडी लोकरीची कानटोपी, तिच्यावर लाल गोंडा. मागे निळसर बर्फाची भिंत.

"छान आलेत की तिघं," अस्मितावहिनी म्हणाल्या. "कोणी काढलं हे?"

"असेल कोणीतरी अमेरिकन," मी म्हणालो.

खरं तर मी तो हँडीकॅम परक्याच्या हातात देणं शक्य नव्हतं. विभावरीलाही तो मिळायचा तर आधी दोन मिनिटं सूचना ऐकाव्या लागत. आणि आणखी एक होतं. चित्र हललं की काचेच्या बांगड्या किणकिणत होत्या. विभावरी प्रवासात एक सोन्याची बांगडी सोडून काही घालत नाही. क्रूझवर लोक सकाळी अकरालाही पितात, ग्लास वाजले असतील, असं मी मनाला सांगितलं आणि पुढच्या हिमनदीकडे वळलो.

२

टोपीबद्दल सांगायला हवं. सांगायची लाज वाटते, म्हणूनच आधी सांगतो.

शारजाच्या औद्योगिक क्षेत्रात खिडक्या-दरवाजांच्या एका कारखान्याचा मी अॅडमिन मॅनेजर होतो. दोनशे दहा कामगार, आणि दोनशे दहा पासपोर्ट माझ्या खोलीतल्या तिजोरीत. कायद्यात हे बसत नव्हतं, पण सगळीकडे असंच चाले. रजेचा अर्ज माझ्याकडे यायचा, मी सही केली की तिजोरी उघडायची आणि माणसाला त्याचा पासपोर्ट मिळायचा. तिजोरीला दोन किल्ल्या. एक माझ्या जुडग्यात. दुसरी बँकेच्या लॉकरमध्ये ठेव असं मालकाने, म्हणजे अरबाबने, बजावलं होतं. मी "ठेवली" म्हणून सांगितलं होतं. ती होती आमच्या देव्हाऱ्याच्या खणात, कापसाच्या वातींच्या डब्यात. बँकेत जायचा कंटाळा, दुसरं काही नाही.

बाबाजी त्या दोनशे दहांपैकी एक. चिपळूणकडचा, काच कापायच्या कामावर. आम्ही अलास्काला निघालोय हे कळल्यावर तो निघायच्या आदल्या दिवशी ऑफिसात आला आणि त्याने कागदात गुंडाळलेली ती कानटोपी माझ्या टेबलावर ठेवली.

"बायकोने, नर्मदेने विणलीय, साहेब. माझ्यासाठी पाठवलीन. मी म्हटलं, इथं पन्नास डिग्रीत मी हिचं करू काय? तुम्ही बर्फात जाताय, तुमचे कान झाकतील."

मी हसलो, घेतली. अंगात ऊब आणणारी टोपी होती, हे कबूल करायला हवं.

जहाजावर चौथ्या दिवशी सकाळी, देवमासे दिसून गेल्यावर, विभावरी समिधाला गरम सूप द्यायला आत घेऊन गेली. मी नारिंगी लाइफबोटीखाली वारा चुकवत उभा होतो. तिथे मला शोधत जहाजाचा एक कर्मचारी आला आणि हातात फॅक्स देऊन गेला. ऑफिसातल्या युनूसचा. बाबाजीची बायको सिरियस आहे, चिपळूणच्या इस्पितळात आहे, तिजोरीची किल्ली कुठे आहे, ताबडतोब कळवा.

मी खिशात हात घातला. जुडगं खिशातच होतं. घराच्या चावीबरोबर तिजोरीची किल्लीही अलास्काला आली होती.

एक ओळ लिहायची होती. अस्मितावहिनींकडे आमच्या घराची चावी आहे, देव्हाऱ्याच्या खणात बघा. पण युनूस अरबाबच्या कानाशी लागलेला माणूस. दुसरी किल्ली बँकेत नाही, साहेबांच्या देव्हाऱ्यात आहे, हे उन्हाळ्यापुरत्या लंडनला गेलेल्या अरबाबला तिथे बसल्या बसल्या कळलं असतं. आणि दर आठवड्याला माझ्या टेबलावर कोणाची ना कोणाची बायको सिरियस असते. आई सिरियस, बाप सिरियस, एकाची तर एकच आजी दोनदा वारली होती. मी स्वतःला हे सगळं सांगितलं. मग तो कागद फाडला, आणखी फाडला आणि समुद्रात सोडून दिला.

"काय होतं रे?" दुपारी विभावरीने विचारलं. कर्मचारी आधी केबिनवर जाऊन आला होता.

"ऑफिसचं. किरकोळ."

नर्मदा त्यानंतर तिसऱ्या दिवशी गेली. मी ती एक ओळ लिहिली असती तर बाबाजीला तिच्याजवळ पुरा एक दिवस मिळाला असता. हा हिशेब मी इतक्यांदा केलाय की आता तो झोपेतही चुकत नाही.

परत आल्यावर मी युनूसला सांगितलं, जहाजाचं फॅक्स मशीन बंद होतं, मला काहीच मिळालं नाही. बाबाजीला बोलावून पासपोर्ट पुढे केला. तो घेतला नाही त्याने.

"आता कशाला, साहेब. खलास झालं," तो म्हणाला, आणि पुन्हा काच कापायला गेला.

३

सप्टेंबरात विभावरीच्या दोन मैत्रिणी आल्या. मी कॅसेट लावायला फार उत्सुक नव्हतो, पण समिधाने आधीच लावली होती.

कठड्याजवळचं दृश्य आलं. मागच्या वेळी ते पाच-सात सेकंदांत संपलं होतं. आता संपेना. आम्ही तिघं पाठ फिरवून पाण्याकडे बघत होतो. समिधाने बोट दाखवलं, आणि काळी, ओली पाठ पाण्यातून वर आली, शेपटी उभी राहिली, सावकाश खाली गेली. बांगड्या वाजल्या. कॅमेऱ्याच्या अगदी जवळून, धाप लागल्यासारख्या श्वासात, एक बाई म्हणाली,

"बाय गं... केवढा मोठा मासा हा."

मैत्रिणी हसल्या. "अगं, जहाजावर आपली माणसं होती वाटतं?"

"हू इज दॅट आँटी, बाबा?" समिधाने विचारलं.

"होती एक गुजराती फॅमिली," मी म्हणालो. विभावरीने माझ्याकडे पाहिलं. अख्ख्या जहाजावर आपल्याशिवाय हिंदुस्थानी कोणी नाही म्हणून तिने तिथे दहा वेळा तक्रार केली होती.

त्या दिवसानंतर मी डोकं शांत ठेवून विचार केला. हँडीकॅमच्या छोट्या कॅसेटवरून ही मोठी कॅसेट बर दुबईच्या एका दुकानात करून घेतली होती. दुकानदाराने दुसऱ्या कोणाची मिसळली असेल. पण दुसऱ्या कोणाच्या कॅसेटमध्ये माझी टोपी कशी असेल? मूळ कॅसेटवर मी समिधाच्या शाळेचा कार्यक्रम घेतलेला, त्यामुळे ताडून बघायची सोय नव्हती. बरं, ती बोलणारी बाई कोण, हा विचार मनात आला की मी पुढे जात नसे. नर्मदेचा आवाज मी कधी ऐकला नव्हता. आणि त्या दिवशी ती जिवंत होती. चिपळूणला, इस्पितळात, शुद्ध नसलेली. मेलेल्या माणसांच्या गोष्टी ऐकल्यात आपण, पण जिवंत माणूस दोन ठिकाणी कसा असेल, असा माझा मुद्दा होता. मुद्दा बिनतोड होता आणि त्याने मला काडीचाही धीर आला नाही.

एका शनिवारी दुपारी घरात कोणी नसताना मी एकटाच बसलो आणि कॅसेट लावली.

देवमासा बुडाला. बाई बोलली. मग विभावरी आणि समिधा आत गेल्या, आणि चित्र हलायला लागलं. डेकच्या ओल्या फळ्या दिसल्या. पायांचा आवाज नव्हता, फक्त श्वास. कॅमेरा कठड्याच्या कडेने, कमरेएवढ्या उंचीवरून, डावीकडे चालला होता. दोनदा थांबला, दम खायला थांबावा तसा. माझ्या हॉलमध्ये एसी घरघरत होता, तरी मला तो श्वास पाठीमागून ऐकू येतोय असं वाटत राहिलं. मी सोफा भिंतीला टेकवला.

पडद्याच्या कडेला नारिंगी रंग आला. लाइफबोट. तिथे चित्र तुटलं आणि जेवणाच्या बुफेतली कलिंगडाची कोरीव बदकं दिसू लागली.

कॅमेरा कुठे चालला होता ते मला कळलं. पुढच्या वेळी तो पोचणार होता.

४

कॅसेट फोडून टाकायला हवी होती, हे मलाही कळतं. पण मग का फोडली ते विभावरीला सांगावं लागलं असतं, आणि ज्या वाटेने गेल्यास कोणाला काही सांगावं लागत नाही, तीच वाट धरायची मला लहानपणापासून सवय. ऑक्टोबरात शारजाला क्रिकेटचे सामने चालू होते. मी एक पूर्ण सामना त्या कॅसेटवर रेकॉर्ड केला. सुरुवातीपासून शेवटपर्यंत. नंतर लावूनही बघितला. हिरवं मैदान, पंखे हलवणारे प्रेक्षक, चौकार, षटकार. त्या दिवशी मला बऱ्याच आठवड्यांनी दोन घास जास्त गेले.

नोव्हेंबरात बाबाजीचा व्हिसा कॅन्सल करायचा अर्ज माझ्या टेबलावर आला. कायमचा गावी चालला होता. मी सही केली. त्याच संध्याकाळी जेवताना मी, काहीतरी बोलायचं म्हणून, ही बातमी विभावरीला दिली.

"तो टोपीवाला?" ती म्हणाली. "अरे, मग त्याला शुक्रवारी जेवायला बोलव ना. बिचाऱ्याची बायको गेली आणि आपण एक शब्द विचारला नाही. तिची टोपी अलास्कात जाऊन आली हे तरी दाखवू त्याला."

"कॅसेट नाहीये. चुकून तिच्यावर मॅच रेकॉर्ड झाली."

विभावरीने भाताचा डाव खाली ठेवला. "तू? चुकून?" मग म्हणाली, "बरं. निदान जेवेल तरी."

५

बाबाजी इस्त्रीचा शर्ट घालून आला होता. खांदे पडले होते, दाढी पांढरी झाली होती. खाली बसतो म्हणाला, विभावरीने हाताला धरून सोफ्यावर बसवलं. जेवला थोडंच. जेवण झाल्यावर विभावरीने कपाटातून, डांबरगोळ्यांच्या वासातून, ती राखाडी टोपी काढून त्याच्या हातात दिली. त्याने ती उलटसुलट करून पाहिली, गोंड्याला सुटलेला एक धागा दिसला तो बोटाभोवती गुंडाळला.

"कुठं कुठं जाऊन आली ही, ते बघावं म्हटलेलं," तो म्हणाला.

"अहो, ह्यांनी त्या कॅसेटीवर मॅच घेतली," विभावरी म्हणाली. "मलाच लाज वाटते सांगायला."

"इट्स नॉट द मॅच, आई," समिधा म्हणाली. ती टीव्हीसमोर मांडी घालून बसली होती. कॅसेट तिने कधी घातली ते मी पाहिलं नव्हतं. "लुक. इट्स अलास्का."

बर्फाची निळी भिंत. कठडा. आम्ही तिघं.

मी रिमोटकडे हात केला. तो समिधाच्या मांडीवर होता. बाबाजीसमोर तिच्या हातातून हिसकावून घ्यायचं कारण मला सुचेना, आणि मी बसून राहिलो. आजही स्वतःची किळस येते ती याच गोष्टीची, की तेव्हाही मी कारण शोधत होतो.

देवमासा आला. बांगड्या वाजल्या. "बाय गं... केवढा मोठा मासा हा."

 टोपी उलटसुलट करणारे बाबाजीचे हात मांडीवर थांबले.

ओल्या फळ्या. श्वास. एकदा थांबणं, दुसऱ्यांदा थांबणं. नारिंगी लाइफबोट, आणि या वेळी चित्र तुटलं नाही. लाइफबोटीखाली मी होतो, पाठमोरा, जरासा तिरका. टोपी एका बाजूने वर सरकली होती, वाऱ्याने लालबुंद झालेला कान दिसत होता. कर्मचारी कागद देऊन गेला. मी वाचला. पुन्हा वाचला. खिशात हात घालून काहीतरी चाचपलं. डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं. कोणी बघत नाही अशी खात्री पटल्यावर माणसाच्या चेहऱ्यावर जे येतं ते मी त्या दिवशी प्रथमच पाहिलं. कोणी आपल्या बापाच्या चेहऱ्यावर ते बघू नये. मग मी कागद फाडला. तुकडे पाण्याकडे गेले.

कॅमेरा जवळ आला, इतका की माझी मान आणि टोपीची वीण तेवढी उरली. उजवीकडून एक हात चित्रात आला. बारीक, काळवंडलेला, हिरव्या बांगड्यांचा. हाताच्या पालथ्या बाजूला सलाइनची सुई टोचलेली, तिच्यावर पांढरी पट्टी. त्या हाताने माझी टोपी अलगद खाली ओढली, कान झाकला. मग दुसऱ्या बाजूनेही ओढली.

पडद्यावरचा मी मागे न वळता हसलो. "थँक्स, विभा."

तो स्पर्श मला आठवत होता. चार महिने मी तो बायकोच्या नावावर जमा करून ठेवला होता.

"मी नव्हते," विभावरी हळू आवाजात म्हणाली. "मी आत सूप घेत होते."

पडद्यावर एकदम हिरवं मैदान आलं, टाळ्यांचा आवाज झाला. समिधाने कॅसेट मागे नेली. मैदान. आणखी मागे. मैदान. तिने टीव्ही बंद केला.

बाबाजी काळ्या काचेकडेच बघत होता. मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "साहेब, कागद कसला होता तो?"

मी सांगू शकलो असतो. एवढं सगळं झाल्यावर तरी सांगता आलं असतं. घरात चार माणसं होती आणि प्रत्येकाने मला वेळ दिला.

"ऑफिसचा," मी म्हणालो. "किरकोळ."

भिंतीला टेकलेल्या सोफ्यावर, माझ्या डोक्याच्या मागे, काच काचेला लागली. मग दोन्ही कानांवर गार बोटं आली. घाईने नाही, जपून. थंडीत बाहेर निघालेल्या पोराचे कान झाकावेत तसं काहीतरी त्यांनी माझ्या कानांवर ओढून घेतलं, आणि एसीचा आवाज, खालच्या रस्त्यावरचा हॉर्न, सगळं दबलं. टोपी बाबाजीच्या हातातच होती. मी डोळ्यांनी पाहत होतो.

त्याने मान वर केली. माझ्या डोक्यावरून, मागच्या भिंतीकडे पाहिलं. त्याचा चेहरा किती महिन्यांनी सैल झाला होता.

"राहू दे गं," तो म्हणाला. हे मला ओठांवरून कळलं. "नको झाकू त्यांचे कान. ऐकू दे."

बोटं निघाली. आधी एका कानावरची, मग दुसऱ्या. आवाज परत आले. बाबाजी उठला, टोपीची नीट घडी घालून शर्टाच्या आत ठेवली.

"युनूसभाईने मला फॅक्सची चिठ्ठी दाखवलीन, साहेब," तो म्हणाला. "पोचला म्हणून मशीनमधून निघते ती. ओके लिहिलेलं होतं. तेव्हाचंच ठाऊक हाय मला. म्हटलं, साहेब कधीतरी आपल्या तोंडाने सांगतील." मग विभावरीला नमस्कार केला. "येतो, वैनी. जेवण चांगलं होतं."

दार बंद झालं. विभावरी माझ्याकडे बघत नव्हती, ती देव्हाऱ्याच्या खणाकडे बघत होती. वातींच्या डब्यात ती किल्ली काय करते, हे तिने मला पूर्वी एकदा विचारलं होतं. तेव्हा मी काय सांगितलं होतं ते मला आठवेना.

पहिल्यांदा बोलली ती समिधा. माझी मुलगी घरात कधी मराठीत उत्तर देत नसे, आम्ही कितीही रागावलो तरी. त्या दुपारी ती सावकाश, एकेक शब्द जुळवत, मराठीत बोलली.

"बाबा, तुला तो कागद मिळाला होता ना?"

माझे दोन्ही कान उघडे होते.